काचेतल्या बाळांसाठी २१ किलोमीटर: लोकांकडे पैसे कसे मागायचे?

सदरची पहाट | २१ सप्टेंबर २०२४, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

जानेवारीत नागपुरात २१ किलोमीटरची शर्यत आहे. तिच्यात मी नाव नोंदवलंय. आजवर सलग ५ किलोमीटरच्या वर कधी धावले नाही, पण या वेळी धावायचंच आहे आणि त्या निमित्ताने एका कामासाठी पैसे उभे करायचे आहेत. माझा प्रश्न धावण्याचा नाही, पैशांचा आहे. पण आधी कारण सांगते.

माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १ किलो १८० ग्रॅम. आपल्याकडे म्हणतात तसं, 'काचेत ठेवली'. पहिले १९ दिवस खासगी दवाखान्यात होती. बिल साडेचार लाखांवर गेलं. नवऱ्याने मोटारसायकल विकली, मी पाटल्या मोडल्या, आणि विसाव्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात हलवलं. भीत भीत हलवलं. तिथे तिची काळजी मनापासून घेतली गेली, हे आधीच सांगून टाकते. ४३व्या दिवशी १ किलो ८१० ग्रॅमची पोर घरी आली. आता सहा वर्षांची आहे आणि घरात कुणाला शांत बसू देत नाही.

तिथे माझ्या शेजारी शिवनीकडची एक बाई होती. तिचं बाळ माझ्या पोरीएवढंच. माझं घर जवळ, सासूबाई दोन वेळा डबा आणायच्या. ती बाई जिन्याखाली चादर टाकून झोपायची आणि दिवसातून एकदा जेवायची. दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यावं लागतं. आठव्या-नवव्या दिवसापासून तिला दूध येईना. बाराव्या दिवशी तिचा नवरा म्हणाला, मजुरी बुडते, घरी लहान पोरगं आहे, चल. बाळाला तिथे ठेवून ती गेली. पुढे काय झालं मला कळलं नाही, त्याच आठवड्यात आम्हाला घरी सोडलं. सहा वर्षं झाली, तिचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

अशा आयांसाठी एक छोटी संस्था दवाखान्यापासून चालत जाता येईल अशा घरात १२ खाटा चालवते. दोन वेळचं जेवण, अंघोळीला गरम पाणी, दूध काढायला स्वच्छ खोली. संस्थेचं नाव इथे टाकत नाही, नियमात बसत नाही. हवं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

आता प्रश्न. मी आयुष्यात कुणाकडे पैसे मागितलेले नाहीत, तेव्हासुद्धा नाही. ओळखीच्या माणसाला फोन लावला की जीभ अडखळते. कसं मागायचं? आणि जे देतील त्यांना काय सांगायचं?

---

तर्रीवाला | २१ सप्टेंबर, रात्री ११:२०

ताई, लय भारी काम करून राहिल्या तुम्ही. मी फुटाळा तलावावर रोज पहाटे साडेपाचले सायकल घेऊन असतो. ज्या दिवशी लांब धावाचं असन त्या दिवशी सांगजा, पाणी अन् गूळ-शेंगदाणे घेऊन मांगं मांगं येतो. मागाची लाज काऊन? सोतासाठी थोडीच मागून राहिल्या.

---

बर्डीकर | २२ सप्टेंबर, सकाळी ७:०५

मुलीला अनेक आशीर्वाद. पण एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नये.

धावण्याचा आणि पैशांचा संबंध काय? ज्याला द्यायचे आहेत तो तुम्ही न धावताही देईल. शर्यतीची फी, बूट, टी-शर्ट यात जे जाणार तेच सरळ संस्थेला का देऊ नयेत? दुसरं असं की २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, ने-आण सगळं मोफत आहे. मग हे काम लोकवर्गणीवर का चालावं? आपण खाटा पुरवल्या की सरकार आपली जबाबदारी विसरतं. ३१ वर्षं सरकारी नोकरीत काढली आहेत, हे जवळून पाहिलं आहे.

---

कडुनिंब | २२ सप्टेंबर, सकाळी ८:१५

बर्डीकर काकांच्या पहिल्या मुद्द्याशी असहमत. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये २००४ पासून हजारो लोक धावतात आणि सामाजिक संस्थांसाठी पैसे उभे करतात. नुसती चिठ्ठी पाठवली तर लोक 'बघू' म्हणतात. कुणी चार महिने पहाटे उठतंय हे दिसलं की विचारतात, का गं एवढं? त्या 'का'चं उत्तर देताना मागणं आपोआप होतं.

---

रातपाळी | २२ सप्टेंबर, दुपारी ३:४०

मी परिचारिका होते. २७ वर्षं नोकरी, त्यातली १९ नवजात विभागात. मागच्या वर्षी निवृत्त झाले. बर्डीकर भाऊंच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहिते, कारण तिथेच या धाग्याचं मर्म आहे.

योजनेत बाळाचे उपचार मोफत, हे खरं. पण त्याच योजनेत आईचं जेवण किती दिवस? साधी प्रसूती असेल तर ३ दिवस, सिझेरियन असेल तर ७ दिवस. काचेतलं बाळ ३०-४० दिवस राहतं. चौथ्या किंवा आठव्या दिवसापासून ती बाई कागदोपत्री रुग्ण नसते, रुग्णाची नातेवाईक असते. मग ती जिन्याखाली, व्हरांड्यात, आवारातल्या झाडाखाली. गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, धारणी, कुठून कुठून येतात. बाळंतपणाचे टाके ओले असतात आणि बाई फरशीवर झोपते.

आई जवळ असणं हा उपचार आहे, ही गोष्ट लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडायच्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीला उघड्या अंगाने बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. सुरुवातीला ती गरिबांची सोय समजली जायची. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच देश, आपल्याकडे दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं. जन्मल्याबरोबर, बाळ स्थिर होण्याची वाट न बघता, कांगारू सुरू केलं तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शंभरात जवळजवळ १६ वरून १२ वर आले. एवढा फरक एखाद्या यंत्राने पडला असता तर प्रत्येक जिल्ह्यात ते यंत्र लागलं असतं. पण यासाठी त्या अभ्यासात बाळ दिवसाला सरासरी १७ तासांच्या आसपास छातीवर होतं. जी बाई जिन्याखाली झोपते, एकदा जेवते, ती १७ तास कुठून आणणार?

पाळीला माझ्याकडे कधी कधी आठ बाळं असायची. मी दूध नळीतून देऊ शकते, अंग गरम आहे का बघू शकते, श्वास थांबला तर तळव्याला टिचकी मारून उठवू शकते. आठ बाळांना छातीशी धरू शकत नाही. ताई, तुम्ही खाटेसाठी धावताय ते योग्य धावताय.

---

तर्रीवाला | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:००

रातपाळी ताई, हे वाचून बायको रडून राहिली. आमची धाकटी ३३ आठवड्यांची होती. कांगारू तिच्या बापानं बी केलं होतं, म्हणजे मी. दोन-दोन तास हलू नाही द्याच्या सिस्टर.

---

रातपाळी | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

आणि बापाने केलेलंही चालतं, आजीनेही. बरं झालं लिहिलंत. पुरुष मंडळी फार लाजतात.

---

हिशेबनीस | २३ सप्टेंबर, सकाळी १०:१०

मी सीए आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

एक रुपयाही स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी पुढे प्रत्येक नातेवाइकाला हिशेब देत बसाल. संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, प्राप्तिकर खात्याची ८०जी मान्यता चालू आहे का, हे दोन कागद आधी डोळ्यांनी बघा. मान्यता असेल तर देणगीदाराला साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ही वजावटच नाही, तेव्हा 'कर वाचेल' असं सरसकट आश्वासन देऊ नका. देणगीदाराचा पॅन लागतो, वर्ष संपल्यावर संस्था देणगीचं प्रमाणपत्र (१०बीई) देते.

---

दूरदेशी | २३ सप्टेंबर, रात्री ११:५५

मी धरमपेठेत वाढलो, आता न्यू जर्सीत. इथून डॉलर पाठवले तर चालतील का? इथल्या मित्रांनाही सांगू शकतो.

---

हिशेबनीस | २४ सप्टेंबर, सकाळी ९:३०

दूरदेशी, तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतून एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून दिलेत तरी ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण जे मित्र अमेरिकेचे नागरिक झाले असतील, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी, त्यांचे पैसे परदेशी देणगीत मोडतात. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. एवढ्या लहान संस्थेकडे ती नोंदणी बहुधा नसेल. मित्रांना थांबवा, नाहीतर चांगलं करायला जाल आणि संस्थेला नोटीस येईल.

---

दूरदेशी | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

समजलं. मी आणि बायको दोघंही अजून भारतीय पासपोर्टवर आहोत. आमचे दोघांचे धरा.

---

टेकडीवरचा | २५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

धावण्याबद्दल कुणी बोललंच नाही. मी नऊ वर्षं धावतोय, तेव्हा थोडं सांगतो.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारपर्यंत जवळजवळ १६ आठवडे आहेत, पुरेसे आहेत. आठवड्याचं एकूण अंतर एकदम वाढवू नका, दर आठवड्याला दहाव्या हिश्शाच्या आसपास वाढ ठेवा आणि चौथ्या आठवड्यात थोडं कमी करा. आठवड्यातून एकदा लांब धाव, तीसुद्धा बोलता येईल इतक्या सावकाश. दम लागून वाक्य तुटलं तर वेग जास्त आहे. शर्यतीच्या तीन आठवडे आधी १८ किलोमीटर झाले की पुढे काळजी नाही, उरलेले ३ किलोमीटर गर्दी नेते.

ऑक्टोबरात नागपूर फसवतं. पहाट गार वाटते आणि सातला ऊन चटका देतं, म्हणून साडेपाचला निघून पावणेसातला घरी. बुधवारी जपानी गार्डनपासून सेमिनरी हिल्सचा चढ दोनदा करा. मांड्या तिथे तयार होतात. नुसतं पाणी ढोसू नका, लांब धावेला लिंबू-मीठ-साखर. बुटांना फार पैसे घालू नका, पण सहा महिने वापरलेल्या चपट्या बुटांत २१ धावू नका.

---

उद्योगी | २६ सप्टेंबर, दुपारी १:००

माझा एक मित्र बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या कंपनीचा वितरक आहे. बोलून बघितलं तर लाखभर रुपये आणि सगळ्यांना टी-शर्ट सहज मिळतील. पाठीवर फक्त त्यांचं नाव. विषयही जुळतो.

---

रातपाळी | २६ सप्टेंबर, दुपारी २:१०

उद्योगी भाऊ, हेतू चांगला आहे, पण कृपा करून हे नको. या वस्तूंच्या जाहिरातीवर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये आणखी कडक झाला. दूध पावडर, बाटली, शिशुआहार, कशाचीच जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी नाहीत. कायदा का झाला ते मी वॉर्डात पाहिलंय. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला आईचं दूध झेपतं. पावडरीवरच्या बाळांमध्ये आतडी सडण्याचा आजार जास्त दिसतो आणि तो फार वाईट. आईचं नसेल तर दुसऱ्या आईचं, म्हणून दुग्धपेढ्या निघाल्या. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली सुरू केली.

आईला दूध यावं म्हणून आपण खाट देणार आणि पाठीवर पावडरीचं नाव लावून धावणार?

---

उद्योगी | २६ सप्टेंबर, दुपारी २:४५

कायदा माहीत नव्हता. मुद्दा मागे घेतो. टी-शर्टचा खर्च मी स्वतः करतो, पाठ कोरी ठेवू.

---

अकरा दिवस | २७ सप्टेंबर, रात्री १:३०

इथे पहिल्यांदाच लिहितोय. आमचा मुलगा अकरा दिवस होता.

सदरची पहाट ताई, एकच विनंती. मदतीच्या आवाहनावर नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो टाकू नका. असे फोटो मोबाईलवर येतात, लोक हळहळतात, पुढे पाठवतात. आमच्या घरात तो मोबाईल माझ्या बायकोच्या हातात असतो.

बाळाला दुसऱ्या दवाखान्यात हलवलं तेव्हा सिझेरियनमुळे ती पहिल्याच ठिकाणी दाखल होती. मी दोन्हींकडे पळत होतो. अकरा दिवसांत तिला त्याला छातीशी धरायला एकदाच मिळालं. वीस मिनिटं. तिथे जवळ खाट असती तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही, तो फारच लहान होता. पण तिला वीस मिनिटांपेक्षा जास्त मिळाली असती.

वर्गणी देणार आहे. नाव कुठे लिहू नका.

---

सदरची पहाट | २७ सप्टेंबर, सकाळी ५:१५

दादा, फोटो टाकणार नाही. माझ्या मुलीचासुद्धा नाही. मी एक निवडून ठेवला होता, आत्ताच काढून टाकला. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

---

कडुनिंब | २७ सप्टेंबर, सकाळी ९:००

अकरा दिवस, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. बाकी काही सुचत नाही.

---

वैनगंगेकाठची | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

उशिरा आले. मी गडचिरोली जिल्ह्यात आशा ताईंच्या प्रशिक्षणाचं काम करते. थोडी वेगळी बाजू मांडते.

शहरातल्या खाटेवर सगळे पैसे लावण्याआधी गावाचा विचार करा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने इथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. काचेची पेटी नव्हती, होत्या त्या शिकलेल्या बायका. आता त्याच धर्तीवर देशभर आशा ताई घरी जातात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहा भेटींचे मिळून २५० रुपये. पावसाळ्यात नाला ओलांडून जातात.

मला टोचते ती गोष्ट सांगते. नागपुरात ४० दिवस जीव लावून वाचवलेलं बाळ घरी येतं आणि पुढच्या तपासणीला कुणी जात नाही, कारण भाडं नाही. डोळ्यांची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. ३४ आठवड्यांआधी झालेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत बघायला हवेत, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांत, आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत पुन्हा पुन्हा. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या आणि वेळेत लेसर झालं नाही तर बाळ कायमचं आंधळं होतं. जगलेलं बाळ एका बसभाड्यापायी आंधळं झालेलं मी पाहिलंय.

---

टेकडीवरचा | २९ सप्टेंबर, रात्री ८:०५

मग एखादं यंत्र का घेऊन देऊ नये? डोळे तपासायचा कॅमेरा, किंवा बाळाला ऊब देणारा वॉर्मर. दिसेल अशी वस्तू असली की लोक देतात.

---

रातपाळी | २९ सप्टेंबर, रात्री ९:३०

लोक देतात हे खरं, आणि दोन वर्षांनी ती वस्तू कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेली असते. पार्ट मिळत नाही, दुरुस्तीचा करार संपलेला असतो. शिवाय नवजात विभागात विजेचं प्रत्येक नवं यंत्र म्हणजे वायरिंगवर नवा भार. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात आग लागून १० बाळं गेली. त्या दिवसापासून मी वॉर्डात शिरताना आधी प्लगकडे बघायचे. यंत्र नको. यंत्र मागायचं ते सरकारकडे मागा, देखभालीसकट. वैनगंगेकाठचीचं भाड्याचं म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं.

---

बर्डीकर | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:००

दोन आठवडे काही लिहिलं नाही कारण प्रत्यक्ष बघून लिहायचं ठरवलं होतं. सदरची पहाट यांच्याकडून पत्ता घेऊन काल त्या १२ खाटांच्या घरी जाऊन आलो. कागद बघितले, हिशेबनीस म्हणाले ते दोन्ही आहेत. स्वयंपाक बघितला. फोडणीचं वरण, भात, पोळ्या, मेथीची भाजी, आणि बाळंतिणींना अळिवाची खीर. सर्व बायका जेवत होत्या तेव्हा मी बाहेरच बसलो.

चाळिशी लावून त्यांचं खर्चाचं रजिस्टर वाचलं. एका आईचा एका दिवसाचा खर्च, जेवण, वीज, धुलाई सगळं धरून, २४० रुपये पडतो. त्यावरून ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. रक्कम मागू नका, दिवस मागा. 'वर्गणी द्या' म्हटलं की माणूस खिसा चाचपतो. 'एका आईचा एक दिवस द्या' म्हटलं की तिथे एक बाई दिसते. कुणी एक देईल, कुणी दहा. आणि मग काय झालं हे सांगणंही सोपं, इतके दिवस इतक्या आया राहिल्या.

धावण्याबद्दलचं मत बदललं का? थोडं. मी गेलो ते कुणीतरी धावणार आहे म्हणून, हे मान्य करायला हवं. सरकारबद्दलचं मत मात्र तेच आहे, त्यावर नंतर लिहीन.

---

सदरची पहाट | ६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

काका, दिवस मागायचे हे मला दोन आठवडे डोकं फोडून सुचलं नव्हतं. खालचा मसुदा बघा सगळ्यांनी:

'माझी मुलगी जन्मली तेव्हा ४३ दिवस दवाखान्यात होती. माझं घर जवळ होतं म्हणून मी रोज तिच्याजवळ राहू शकले. लांबून येणाऱ्या आयांना राहायला जागा नसते. १२ जानेवारीला मी २१ किलोमीटर धावणार आहे. एका आईला बाळाजवळ एक दिवस राहण्याचा खर्च २४० रुपये आहे. तुम्ही किती दिवस द्याल? पैसे थेट संस्थेच्या खात्यात भरावेत. दहा दिवसांमागे एक दिवसाची रक्कम घरी गेलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या तपासणीच्या भाड्याला जाईल.'

---

कडुनिंब | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

उत्तम. 'आयांना राहायला जागा नसते' याच्यापुढे 'आणि जेवायला नसतं' घाला. १७ नोव्हेंबर हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस आहे, यंदा रविवारी येतोय. त्या दिवशी सगळ्यांना पाठवा.

---

हिशेबनीस | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

'ताई धावल्या नाहीत तरी देणगी परत मिळणार नाही आणि मागूही नये' हे तोंडी तरी सांगा. पाय मुरगळला तर लंगडत पळायची वेळ येऊ नये.

---

तर्रीवाला | ९ डिसेंबर, सकाळी ८:३०

धागा वर काढतो. काल ताईनं फुटाळा ते अंबाझरी, मंग सेमिनरी हिल्स, १४ किलोमीटर केले. मी सायकलवर दमलो. नंतर तर्री पोहे खाल्ले, दोन-दोन प्लेटी. १६४ दिवस जमा झाले म्हणते.

---

टेकडीवरचा | ९ डिसेंबर, सकाळी ९:१०

१४ नंतर तर्री? पोटाचं काय ते शर्यतीच्या आदल्या दिवशी तरी जपा. भात, वरण, दही. सावजी तर अजिबात नाही.

---

सदरची पहाट | १२ जानेवारी २०२५, संध्याकाळी ५:२०

झालं. २ तास ५१ मिनिटं.

पंधराव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला. तर्रीवाला भाऊ फुटपाथवरून सायकल ढकलत शेजारी चालत होते आणि दर चौकात ओरडून सांगत होते किती दिवस जमले. अठरावर रातपाळी ताई स्वतः उभ्या होत्या, मिठाचं पाणी घेऊन, सोबत त्या घरातल्या दोघी आया. एकीचं बाळ सकाळी दीड किलोचं झालं होतं, ती तेच मला सांगत होती, थांबून ऐकलं. मिनिटभर गेलं असेल. शेवटच्या वळणावर एक जोडपं उभं होतं. दादा, मी तुम्हाला ओळखलं नसतं, तुम्हीच हात वर केला म्हणून कळलं. वहिनी माझ्याशी काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त पाण्याची बाटली उघडून दिली.

आजपर्यंत ७७८ दिवस. म्हणजे १,८६,७२० रुपये. त्यातले ७७ दिवस भाड्याला ठेवले आहेत.

---

अकरा दिवस | १२ जानेवारी, रात्री ११:१०

ताई, बाहेर निघायचं तिनेच ठरवलं.

---

दूरदेशी | १३ जानेवारी, पहाटे ४:३०

अभिनंदन! इथे रविवार संध्याकाळ, बर्फ पडतोय. आमचे आणखी २० दिवस धरा, आजच पाठवले.

---

हिशेबनीस | १३ जानेवारी, सकाळी १०:००

अभिनंदन. ११ जणांचे पॅन अजून आलेले नाहीत, त्यांची प्रमाणपत्रं अडतील. कृपया संस्थेला कळवा.

---

बर्डीकर | १४ जानेवारी, सकाळी ८:००

संक्रांतीच्या शुभेच्छा. ताईंचं मनापासून कौतुक.

आता माझा राहिलेला मुद्दा. ३ आणि ७ दिवसांनी आईचं जेवण बंद होतं, ते बाळ दाखल असेपर्यंत चालू राहावं, असा अर्ज आरोग्य विभागाकडे करतो आहे. संस्थेच्या रजिस्टरमधून मागच्या वर्षी कोणती आई किती दिवस राहिली याचा तक्ता काढला आहे, नावं गाळून. रातपाळी ताईंनी वैद्यकीय भाग लिहून दिला. वैनगंगेकाठची यांनी गावाकडची बाजू पाठवावी. येत्या रविवारी सकाळी सातला फुटाळ्यावर सह्यांसाठी बसतो, ज्यांना जमेल त्यांनी यावं.

---

तर्रीवाला | १४ जानेवारी, सकाळी ८:२०

काका, सतरंजी अन् पेन मी आणतो. पोहे बी.